ट्यूबवरची खडूची रेघ

यंदा थंडी पडायला आणि जावयाने बोट आणायला एकच गाठ पडली. बोट खोक्यातून आली. मिलिंदने, म्हणजे आमच्या जावयाने, बैठकीच्या खोलीत मधोमध बसून ते खोकं कापलं आणि आतून घडी घातलेलं नारिंगी रबर बाहेर काढलं. "बाबा, ही कयाक. हवा भरायची, एकट्याने बसायचं, वल्हवत आत जायचं आणि बसल्या बसल्या मासे धरायचे." बरोबर दोन तोंडांचं वल्हं, गळाची काठी खोचायला दोन नळ्या, दोरा गुंडाळायची फिरकी, अंगात घालायचं फुगीर जाकीट, पायाने दाबायचा पंप. पुण्यातले त्याचे मित्र म्हणे शनिवार-रविवार असेच उजनीच्या पाण्यावर जातात. मी चष्मा वर करून वाकलो आणि हवा भरायचा वॉल तेवढा बघितला. लेक आतून ओरडली, "झालं! बाबांचा संशय सुरू!"

माझा स्वभाव संशयी आहे. आधीच कबूल केलेलं बरं, उगाच नाकारलं तर तुम्हालाच संशय यायचा. सोलापुरात एका हायस्कुलात मी गणित शिकवायचो. परीक्षेला वर्गात उभा राहिलो की पोरं पाणी प्यायलासुद्धा घाबरत. एखाद्याने मोज्याला हात लावला की चिठ्ठी, खिडकीबाहेर बघितलं की खाणाखुणा. बहुतेकदा चिठ्ठी निघायचीही, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. दहादा संशय खरा ठरला की माणूस अकराव्या वेळी तपासून बघत नाही. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, घड्याळजीने बदललेला पुर्जा, मला सगळीकडे काहीतरी दिसायचं. शालन, माझी बायको, म्हणायची, "अहो, देवळात हात जोडताना तरी चपलांकडे बघू नका." मी बघायचोच. आणि चपला जागेवर असल्या तर, खरं सांगतो, जरा निराशही व्हायचो.

शाळू हुरड्यात आला की मला एक हिवाळा आठवतो. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मोठा दुष्काळ सरला होता आणि हिप्परग्याचा तलाव पुन्हा काठोकाठ भरला होता. रविवारी सकाळी सायकलवर निघायचं, कानाला मफलर, कॅरियरला पिशवी. तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की गिरणीचा भोंगा मागे राहायचा आणि पुढून शाळूच्या रानाचा ओला, गोडसर वास यायचा. पाण्यावर धुकं असायचं, आणि त्या धुक्यात कुठलीतरी परदेशी बदकं आपसात कुरकुरत बसलेली असायची. पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक कांदा. तसली भाकरी मी पुढे पुष्कळ ठिकाणी खाल्ली, पण ओल्या हाताने, गारठलेल्या बोटांनी मोडलेली ती वेगळीच लागायची.

बरोबर असायचा नरसय्या. पूर्व भागातला विणकर. घरात तेलगू, बाहेर सोलापुरी मराठी, दोन्ही सारख्याच वेगात. चादरीच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि सुटला की केसांत कापसाची पिंज घेऊनच सायकलवर टांग टाकायचा. आमची ओळख तलावाच्या काठावरच झाली, गळ टाकताना. काठावर बारकी मासळी लागायची. मोठी मरळ, मोठा शिंगटा आत. आत जाणार कसं? आम्हा दोघांच्या सात पिढ्यांत कुणाकडे होडी नव्हती. युक्ती नरसय्याने काढली. टायरच्या दुकानातून ट्रकच्या दोन जुन्या ट्यूबा आणल्या, हवा भरली आणि मधल्या भोकावर खाटेची नवार विणली. त्या नवारीत बुड टेकायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि दोन हातांत दोन धुण्याच्या थाप्या घेऊन वल्हवायचं. झाली आमची होडी. शालनची थापी घरातून गेली. तिने दुसरी आणली, तीही गेली. बिचारी धुणंवालीला बोलणार, तेव्हा कुठे मी कबूल झालो. बघा, त्या घरातला एकमेव चोर मीच होतो, पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

मिलिंदची फिरकी आणि नळ्या बघून मला आमचा संसार आठवला. वेळूची काठी, तंगुसाचा दोरा, गळ, आणि तरंगायला शाळूच्या चिपाडाचा तुकडा. चिपाड डुचकळलं की ओढायचं. आमिष मात्र नरसय्याचं खास. सुताला ताठपणा यायला विणकर खळ लावतात, पिठाची पातळ पेज असते ती. उरलेली खळ दोन दिवस आंबवायची, करडईच्या पेंडीत मळायची आणि लिंबाएवढे गोळे वळायचे. वास असा की सायकलीमागे कुत्री लागत. शालन ते गोळे उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. मासे मात्र त्याच्यावर जीव टाकत.

तलावावर एक रीत होती. ज्याने जागा चारली, त्याची ती जागा. रविवारी निघताना पेंडीचं पोतडं दगड बांधून पाण्यात सोडायचं. ते आठवडाभर झिरपत राहायचं आणि मासे तिथे सवकायचे. मग पुढच्या रविवारी त्या ठिकाणी गळ. दुसऱ्याच्या चारल्या जागेवर गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. माझी जागा एका बुडालेल्या बाभळीपाशी होती. बाभळीचा वाळका शेंडा तेवढा पाण्याबाहेर राहायचा. नरसय्याची जागा चांगली हाकेच्या अंतरावर, एका जुन्या विहिरीच्या दगडांपाशी.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. मला पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. पहिल्याच रविवारी मी ट्यूबवरून घसरलो आणि हातपाय झाडत बोंब ठोकली. नरसय्याने बखोटीला धरून उभं केलं आणि म्हणाला, "मास्तर, पाय टेकतात की हितं." पाणी कमरेएवढं होतं. मी त्याला शपथ घातली, हे शालनला कळता कामा नये. तिला कळलं असतं तर तिने त्याच संध्याकाळी विळीने ट्यूब चिरली असती. नरसय्याने मान डोलावली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. म्हणजे बाभळीपाशी, दोन पुरुष खोल पाण्यावर, माझा जीव त्या काळ्या रबरातल्या हवेवर होता, आणि हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी तो म्हणाला, "मास्तर, तुमचा वॉल गळतोय वाटतं जरासा. ट्यूब बदला की." झालं. साधं वाक्य, पण माझ्या डोक्यात भुंगा शिरला. माझी ट्यूब चांगली, त्याच्या ट्यूबला तीन ठिगळं. मी नवी घेतली की जुनी कुणाला मिळणार? यालाच! मी म्हणालो, "माझी ट्यूब ठणठणीत आहे. तू तुझी बघ." तो हसला. "बरं की," एवढंच म्हणाला. ते हसणंसुद्धा मला सरळ वाटलं नाही.

त्यानंतर मला दिसायलाच लागलं. आमच्या ट्यूबा तलावाला लागून रान असलेल्या गंगूमावशीच्या गोठ्यात असायच्या. एका रविवारी बघतो तर माझ्या ट्यूबची नवार ओलसर. मी आठवड्यात फिरकलोही नव्हतो. पुढच्या रविवारी नवारीची एक गाठ वेगळी. बारीक, चपटी, ओढली तरी न हलणारी. तसली गाठ विणकर तुटलेल्या सुताला मारतात, माझ्या बापाला जमली नसती. आणि रबराला वास यायचा तो खळीचा. मी गंगूमावशीला विचारलं, "मावशे, मधल्या वारी इकडे कुणी येतं का?" ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "न्हाय बा. कोन येतंय हितं?" पण माझ्याकडे न बघता म्हणाली. म्हणजे हीसुद्धा सामील!

त्यात मासे कमी झाले. माझं चिपाड तासन्‌तास स्तब्ध, आणि तिकडे विहिरीपाशी नरसय्या एकामागून एक ओढतोय. आज कळतं, मासे लागणार तरी कसे? माझं लक्ष माझ्या गळावर नव्हतंच, ते त्याच्या गळावर होतं. पण तेव्हा माझं गणित पक्कं होतं. माझ्या जागेवरचे मासे मधल्या वारी माझ्याच ट्यूबमध्ये बसून हा काढतोय. काळही तसाच होता. आणीबाणीचे दिवस, टपरीवर चहा पितानाही लोक आधी शेजारी कोण बसलंय ते बघून तोंड उघडायचे. माझ्यासारख्याला तेवढं निमित्त पुरे होतं.

मग मी मास्तरकी दाखवली. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर करतो तशी खूण केली. निघताना वॉलच्या टोपणावरून रबरावर खडूची बारीक रेघ ओढली. टोपण फिरलं की रेघ तुटणार. रविवारी आलो, रेघ तुटलेली. छातीत धडधडलं, आणि लाज वाटते सांगायला, पण त्या धडधडण्यात आनंद होता. चिठ्ठी सापडली! घरी शालनला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, मग विचारा की त्यालाच सरळ." सरळ विचारायचं? चोराला? आम्ही चोराला रंगेहाथ धरणारी माणसं.

गंगूमावशीच्या सुनेकडून बोलता बोलता काढून घेतलं की नरसय्या शुक्रवारी सकाळी येतो. मी शुक्रवारची रजा टाकली, कारण दिलं पोटदुखीचं. सायकल ओढ्यात लपवली आणि शाळूत जाऊन बसलो. कणसं भरली होती, दवाने शर्ट ओला झाला, मानेला पातं कापत होतं. उन्हं वर आली तसा नरसय्या आला. रात्रपाळीचे लाल डोळे. गोठ्यातून ट्यूब काढली, माझीच. हवा भरली, पाण्यात लोटली, बसला आणि वल्हवत थेट माझ्या बाभळीपाशी गेला. तिथे नुसता बसून राहिला. हात पाण्यात घालून काहीतरी चाचपत होता. बराच वेळ. मग खिशातून काही काढून पाण्यात टाकलं आणि परत काठाकडे निघाला. तो काठाला लागतोय तोच मी शाळूतून उठलो.

"नरसय्या! चोरा!"

तो दचकला. "मास्तर? आज शाळा न्हाय का?"

"शाळा राहू दे. माझ्या ट्यूबमध्ये काय करतोयस?"

"बसून बघत हुतो की."

"काय बघत होतास? माझे मासे? दुसऱ्याच्या ताटात जेवतोस, लाज नाही वाटत? गळ कुठे लपवलास, दाखव!"

मी त्याच्या खांद्याची पिशवी ओढली आणि गवतावर उपडी केली. खळीचे तीन गोळे पडले. बरोबर पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब, घासायचा कागद आणि रबराचा तुकडा. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं, आणि मला दिसले ते फक्त गोळे. "हे बघ!" मी ओरडलो, "हे काय आहे?" त्याने खाली बसून एकेक वस्तू परत पिशवीत भरली. घाई केली नाही. मग स्वतःची तीन ठिगळांची ट्यूब खांद्याला अडकवली आणि सायकलकडे गेला. जाता जाता एवढंच म्हणाला, "झडती घेतली की हो तुमी."

रविवारी मी एकटा गेलो. मोठ्या दिमाखात. ट्यूब फुगवली, टम्म झाली, थापीने वाजवून बघितली. ठणठणीत! बाभळीपाशी पोचलो, गळ टाकला आणि पहिल्यांदा कितीतरी दिवसांनी शांत बसलो. जागा माझी, मासे माझे. ऊन पाठीवर येत होतं. मग कमरेला गार लागलं. वाटलं, लाट असेल. मग पोटाला लागलं. खाली बघितलं तर ट्यूब मऊ पडली होती, दोन्ही बाजू आत वळत होत्या, आणि वॉलच्या बुडापाशी बारीक बुडबुडे येत होते, गुपचूप, एकामागून एक.

ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, देवाचं नाव होतं की शालनचं की त्याचं. थाप्या सुटल्या. हाताला बाभळीचा शेंडा लागला, त्याला मिठी मारली. काटे तळव्यात शिरले, पण सोडलं नाही. वाळकी फांदी कडकडत होती. गंगूमावशी रानातून धावत आली, मोटेचा नाडा घेऊन. त्याला रिकामा डबा बांधून छातीइतक्या पाण्यात शिरली आणि डबा भिरकावला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा हाताला आला. तिने आणि सुनेने मला काठाला ओढून काढलं, तेव्हा माझे दात वाजत होते आणि अंगावर धोतरसुद्धा धड नव्हतं.

मावशीने घोंगडं टाकलं आणि मग तिचं तोंड सुटलं. "पोहता येत न्हाय आन् मधी जाऊन बसताय व्हय? त्यो बिचारा दर शुक्रवारी यायचा. हवा भरायचा, सवता त्या बाभळीपातुर जाऊन अर्धा तास बसायचा. म्हनायचा, मावशे, काठावर कळत न्हाय, वजन पडल्यावर गळतीय ही. कदी वॉल घट करायचा, कदी नवार बांधायचा. आन् जाताना खळीचं गोळं तुमच्याच जागंवर टाकायचा. मला म्हनला, मास्तरास्नी सांगू नगंस, त्येंला वाटंल मला ट्यूब पायजे."

मग तीच पुढे म्हणाली, "ह्या शुक्रवारी चीर सापडली हुती त्याला. ठिगळ लावायला काठाला येत हुता. तेवढ्यात तुमी उगवला."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पूर्व भागात गेलो. नरसय्याची पाळी बदलली होती, दिवसाची झाली होती. कारखान्यात आठ-दहा माग एकदम चालू, कानठळ्या बसत होत्या. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "चुकलं माझं." त्याने कानाला हात लावला, ऐकू येत नाही म्हणून. मी ओरडलो, "चुकलं माझं!" त्याने पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा मी जीव खाऊन ओरडलो, नेमकं त्याच क्षणी त्याने मेन बटण पाडून सगळे माग थांबवले होते. शेजारचे सगळे विणकर वळून बघायला लागले. आयुष्यभर पोरांना वर्गापुढे उभं केलं, त्या दिवशी मी उभा होतो.

त्याने माझे तळवे बघितले. काट्यांनी फाटलेले. "अय्यो," म्हणाला. मग म्हणाला, "राग न्हाय मास्तर. खरंच न्हाय. पर पान्यात एकमेकाच्या भरवशावर बसायचं असतंय. आता तुमच्यासंगं बसायला भ्या वाटंल मला."

"अरे, ट्यूब नवी घेतो की!"

"ट्यूबचं न्हाय हो," तो म्हणाला. आणि खिशातून ती सोल्युशनची ट्यूब काढून माझ्या हातात ठेवली. "वॉलच्या बुडाला चीर हाय. घासून, मग लावा." माग पुन्हा सुरू झाले आणि पुढचं काही बोलता आलं नाही.

तो परत आला नाही. मीही तलावावर गेलो नाही. दरवर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत त्याच्या घरची माणसं आणि आमच्या घरची समोरासमोर यायची. "बरं हाय का मास्तर?" तो विचारायचा. मी "बरं आहे" म्हणायचो. पोरांच्या हातात पाळण्याची तिकिटं, मागून गर्दीचा रेटा, तेवढ्यावर पुढे जायचो. माझं सारखं व्हायचं की थांबावं, चहा तरी पाजावा याला. एका वर्षी तो दिसला नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी चौकशी केली नाही. आता चौकशी करायची भीती मलाच वाटत होती.

संशय वाईट असतो असं मी म्हणणार नाही. वॉल गळतोय, हा नरसय्याचाही संशयच होता. पण त्याला संशय आला की तो स्वतः जाऊन पाण्यात बसायचा. मला आला की मी शाळूत लपून बसलो. फरक एवढाच, आणि तो कळायला मला माझ्या सगळ्या गणितासकट फार उशीर झाला.

गेल्या शनिवारी मिलिंदने आम्हाला उजनीच्या काठी, त्याच्या मित्राच्या केळीच्या बागेत नेलं. रविवारी सकाळी पहिल्यांदा बोट पाण्यात घालायची होती. मी सगळ्यांच्या आधी उठलो. बोट काठावर फुगवून ठेवलेली. आधी वॉलला थुंकी लावून बघितली, बुडबुडा नाही. पण काठावर कळत नाही, वजन पडल्यावर कळतं. मोटारपंपाच्या खांबाला दोरी बांधली, दुसरं टोक बोटीला. ते फुगीर जाकीट अंगात चढवलं, गुडघाभर पाण्यात शिरलो आणि या वयात, कुणी बघत नाही ना असं मागे बघत, आत बसलो. पाणी गार होतं. धुक्यात कुठेतरी बदकं कुरकुरत होती. मी हात खाली घालून रबर चाचपत बसलो, अर्धा तास तरी झाला असेल.

"बाबा?" काठावर मिलिंद उभा, तोंडात ब्रश. "माझ्या बोटीत काय करताय तुम्ही?"

तो आवाज मी ओळखला. माझाच होता. खांबाची दोरी हातात घट्ट धरली.

"बसून बघत होतो," मी म्हणालो.

त्याने ब्रश तोंडातून काढला, माझ्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, आणि नुसतं विचारलं, "मग? बरी आहे का?"

एवढंच विचारायचं होतं.